आधी चप्पल उलटी करा

पायातलं कुरूप दाखवायला आलेल्या माणसाला आम्ही लगेच पाय वर घ्यायला सांगत नाही. चप्पल काढा आणि टेबलावर उलटी ठेवा, असं सांगतो. टेबलावर चप्पल म्हटल्यावर लोक बिचकतात, म्हणून खाली जुनं वर्तमानपत्र अंथरलेलं असतं. कुरूप काय किंवा घट्टा काय, मुळात तो दाबाचा मामला. एकाच जागी रोज भार पडतो, रोज घासतं, आणि कातडं स्वतःला वाचवायला जाड होत जातं. भार कुठून येतोय याचा पुरावा चपलेवर असतो. तो न बघता नुसतं कुरूप काढून टाकलं, तर महिना-दोन महिन्यांत ते त्याच जागी पुन्हा येतं आणि माणूस म्हणतो, "मूळ राहिलं असणार."

मूळबीळ काही नसतं. कुरुपाच्या मधोमध जो कडक गाभा असतो, तो मेलेल्या कातड्याचेच थर एकमेकांवर दाबून तयार झालेला. वर रुंद, खाली निमुळता. चालताना तो आतल्या जिवंत कातड्यात रुततो, म्हणून कळ येते. मूळ उपटण्याच्या नादात घरोघर ब्लेडने जी खोदाई चालते, तिच्या जखमा भरायला कुरुपापेक्षा जास्त दिवस लागतात.

चप्पल बघायची म्हणजे काय बघायचं? आधी टाच. बहुतेकांची टाच मागच्या बाहेरच्या कोपऱ्यात थोडी जास्त झिजते, तेवढं चालतं. पण टाच आतल्या बाजूने पार बसली असेल, तर पाऊल आत कलतंय आणि अंगठ्याच्या आतल्या कडेवर घट्टा सापडणार हे पाय न बघताही सांगता येतं. मग चपलेची वरची बाजू. जुन्या रबरी चपलेवर बोटांचे खळगे उमटलेले असतात. ते प्रत्येक बोटाच्या टोकाशी खोल रुतलेले दिसले, की समजावं हा माणूस चालताना बोटांनी चप्पल धरून ठेवतोय. पट्टे सैल झालेल्या हवाई चपलेत हे हमखास होतं. बोटं अशी आकडलेली राहिली की मधला सांधा वर उचलला जातो, त्यावर बूट घासतो. बोटांची टोकं खाली टेकतात, तिथे घट्टा येतो. आणि चवड्यावरचा भार वाढतो तो वेगळाच. नंतर पट्ट्याची आतली कडा बोटाने चाचपायची. प्लॅस्टिकच्या चपलांना साच्याची जोडरेघ असते, ती कधी कधी नखाला लागेल इतकी वर आलेली असते. शेवटी चवड्याच्या जागी अंगठ्याने जोर देऊन दाबायचं. रबर दबतच नसेल, किंवा दबून पुन्हा वर येत नसेल, तर ती चप्पल संपली. पट्टे कितीही शाबूत असोत.

आपल्याकडे कोकणात यात चढउताराची भर पडते. घर वर, रस्ता खाली, बंदर त्याच्याही खाली. पाखाडी, म्हणजे उतारावरची पायऱ्यांची वाट, उतरताना प्रत्येक पायरीला पाऊल चपलेत पुढे सरकतं आणि अंगठा-बोटं पट्ट्यावर आदळतात. देशावरच्या सपाट रस्त्यावर जी चप्पल वर्षभर त्रास देत नाही, तीच इथे महिनाभरात बेचक्यात घट्टा आणते. मागे पट्टा असलेली सँडल इथे जास्त उपयोगी पडते ती यासाठी: पाऊल धरून ठेवायचं काम पट्टा करतो, बोटांना ते करावं लागत नाही.

आता पाय. आधी उभा राहिलेला, मग बसलेला, कारण भार पडला की पाऊल लांबीलाही वाढतं आणि रुंदीलाही. घट्टा कुठे आहे यावरून कारण बऱ्यापैकी नेमकं सांगता येतं. करंगळीच्या बाहेरच्या बाजूला कडक कुरूप असेल तर पादत्राण अरुंद. बोटांच्या मधल्या सांध्यांवर असेल तर बोटं आकडलेली किंवा बुटाची पुढची उंची अपुरी. चवड्याच्या मध्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या बोटांच्या मुळाशी असेल, तर तळ पातळ झालाय, टाच उंच आहे, किंवा अंगठा शेजारच्या बोटाकडे वळलाय आणि त्याने उचलायचा भार शेजाऱ्यावर टाकलाय. वय झालं की चवड्याखालची चरबीची गादी पातळ होते, त्यामुळे साठीनंतर जुन्याच चपलेने नवे घट्टे येतात. टाचेच्या कडेने गोलाकार जाड पट्टा आणि त्याला भेगा, हे मागून उघड्या चपलेचं आणि अनवाणी चालण्याचं काम. भार पडला की टाच बाजूला पसरते, जाड झालेलं कोरडं कातडं ताणलं जात नाही, मग ते फाटतं.

काही घट्ट्यांचा मात्र चपलेशी संबंधच नसतो. जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्यांच्या घोट्याच्या बाहेरच्या हाडावर काळपट, खरखरीत चकती दिसते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा होड्यांवरची माणसं गमबुटातून मोकळी होतात आणि चवड्यावरचे घट्टे आपोआप उतरू लागतात. पण त्याच दिवसांत ती जाळी विणायला बसतात. जाळं पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणलं जातं. दोरा अंगठ्याच्या आणि दुसऱ्या बोटाच्या मधोमध एकाच रेघेत घासत राहतो, तिथे चर पडल्यासारखा घट्टा उठतो. दुखत नाही, पण मध्येच चिरला की मिठाच्या पाण्याने जीव जातो. अंगठ्याला सुती कापडाची दोन-तीन वेढ्यांची पट्टी गुंडाळून जाळं अडकवलं, तर हा घट्टा होत नाही. घोट्याखाली दुमडलेलं गोणपाट किंवा जुन्या गादीचा तुकडा घ्यायचा. विळीवर तासन्‌तास बसणाऱ्या बायकांनाही हेच सांगतो. एवढ्या साध्या गोष्टीला लोक हसतात, पण घोट्याच्या घट्ट्यावर मलमापेक्षा बसायचं फडकं जास्त गुण देतं.

जोडव्यांकडे कोणाचं लक्ष जात नाही. दुसऱ्या बोटात जाडसर जोडवं, त्यात पुढून अरुंद सँडल. मग जोडवं शेजारच्या बोटाच्या कडेत रुतून बसतं. तिथलं कुरूप दाण्याएवढंच असतं, पण रात्री चादरीचा स्पर्शही सहन होत नाही. जोडवं कायमचं काढा असं आम्ही सांगत नाही, कोणी ऐकणारही नाही. आतून सपाट, पातळ पट्टीचं जोडवं घ्यावं, आणि बंद बूट घालायचे त्या दिवशी ते काढून ठेवावं.

मासे विकणाऱ्या एका काकींचा पाय इथे जवळून दाखवण्यासारखा आहे. डाव्या पायाच्या चवड्याखाली, दुसऱ्या बोटाच्या मुळाशी दुखत होतं. "आत काटो रवलोसो वाटता," त्यांचं म्हणणं. माशाचा काटा पायात मोडणं त्यांच्या धंद्यात नवं नाही, त्यामुळे शंका रास्त होती. काटा राहिला असेल तर दुखणं एका दिवशी सुरू झालेलं असतं, आजूबाजूला लाली किंवा सूज असते, कधी पू असतो. इथे दुखणं तीन पावसाळ्यांचं, लाली नाही. वरून सरळ दाबलं तर कळ, दोन्ही बाजूंनी चिमटीत धरलं तर काही नाही. म्हणजे कुरूप. चिमटीत जास्त दुखलं असतं, कातड्यावरच्या रेषा त्या डागाला वळसा घालून गेल्या असत्या आणि वरचा थर खरवडल्यावर सुईच्या टोकाएवढे काळे ठिपके दिसले असते, तर ती तळव्यातली चामखीळ. कुरुपात रेषा मोडत नाहीत आणि ठिपके नसतात. खरवडलं की मेणचट, काचेसारखा अर्धपारदर्शक गाभा लागतो. काकींची चप्पल पावसाळ्यात घेतलेली प्लॅस्टिकची, तळ दगडासारखा. डाव्या काखोटीला पाटी घेऊन चालायची सवय, त्यामुळे डावी जास्त दबलेली. कुरूप पातळ केलं त्याच दिवशी निम्मं दुखणं गेलं. उरलेलं गेलं ते मऊ तळाच्या सँडलने, आणि पाटी कधी डावीकडे कधी उजवीकडे घ्यायला लागल्यावर.

घरी पातळ करायची रीत सांगतो. मधुमेह असलेल्यांनी, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा असलेल्यांनी, आणि पायाचा रक्तपुरवठा कमी असलेल्यांनी ही रीत वापरायची नाही. त्यांचं पुढे येईल.

बादलीत घोटे बुडतील इतकं कोमट पाणी. कोपर बुडवून बघायचं. कोपराला सुखद लागलं तर ठीक. १० मिनिटं पुरेत. अर्धा तास पाय बुडवून बसलं की कातडं फुगतं, आणि कुठवर मेलेलं आणि कुठून जिवंत ते बोटाला कळेनासं होतं. मीठ घालायचं तर घाला, त्याने कुरूप विरघळत नाही. पाय बाहेर काढून टिपायचा, घासून पुसायचा नाही. मग वजरी किंवा पाय घासायचा खरखरीत दगड ओला करून घट्ट्यावर एकाच दिशेने, हलक्या हाताने १५-२० वेळा फिरवायचा. मागे-पुढे जोरात रगडलं की कातड्याचे सुट्टे पापुद्रे उभे राहतात, ते मोज्यात अडकून फाटतात. पांढरा लगदा निघतो तो मेलेला थर. खालचं कातडं गुलाबी दिसायला लागलं, किंवा नुसतं चुरचुरलं, की तिथेच थांबायचं. सगळा घट्टा एका दिवशी काढायचाच नाही. आठवड्यातून दोनदा, थोडा थोडा. थोडी जाडी राहू द्यायची. अनवाणी शेतात जाणाऱ्याला तीच उपयोगाची आहे. रोजच्या रोज रगडत राहिलं तर कातडं त्यालाही घासणंच समजतं आणि आणखी जाड होतं. वजरी प्रत्येकाची वेगळी. न्हाणीघरातली एकच वजरी सगळ्या घराने वापरली की एकाची चामखीळ चौघांना जाते.

घासून झाल्यावर दोन-तीन मिनिटांच्या आत, कातडं जरा ओलसर असतानाच मलम लावायचं. रोजच्या वापराला १० टक्के युरिया असलेलं क्रीम, टाचेच्या जाड कडेला २० ते २५ टक्क्यांचं. भेग उघडी असेल तर युरिया झोंबतं, तिथे दोन दिवस नुसतं व्हॅसलीन लावून भेग मिटू द्यायची. बोटांच्या बेचक्यात मात्र काहीच नाही, तिथे ओल हाच शत्रू. आपल्याकडचं कोकमाचं तेल, मुठीत वळलेला तो पांढरा गोळा, भेगांना खरंच चांगलं. थंड असताना घट्ट राहतं, वाटीत ठेवून गरम केलं की पातळ होतं, भेगेत भरलं की पुन्हा आळतं आणि आतली ओल उडू देत नाही. पण ते कातडं झाकतं, जाड थर सोडवत नाही. म्हणून घासल्याशिवाय नुसतं तेल चोपडलेल्या टाचा मऊ लागतात, पातळ होत नाहीत. तेल लावून रात्री सुती मोजे घालायचे, नाहीतर तेल सगळं गोधडीला. आणि तेलकट पायाने सारवलेल्या किंवा लादीच्या जमिनीवर उठू नये, हे आजी-आजोबांना दोनदा सांगावं.

औषधाच्या दुकानातल्या कॉर्न कॅपबद्दल आमचं मत फारसं चांगलं नाही. त्यातल्या चकतीत ४० टक्के सॅलिसिलिक आम्ल असतं. ते मेलेलं कातडं सोडवतं हे खरं, पण मेलेलं कोणतं आणि जिवंत कोणतं हे त्याला कळत नाही. घामाने पट्टी सरकते, पावसाळ्यात तर सरकतेच, आणि शेजारचं चांगलं कातडं पांढरं पडून सोलून निघतं. वापरायचीच तर औषधाचा तुकडा कुरुपापेक्षा किंचित लहान कापायचा, आजूबाजूला व्हॅसलीनचं कडं करायचं, वर चिकटपट्टी. पाय भिजवायचा नाही. एक-दोन दिवसांनी काढून कोमट पाण्यात पाय घालून पांढरा झालेला थर खरवडायचा. दोन आठवड्यांत फरक नसेल तर थांबायचं. बोटांच्या मधल्या ओलसर कुरुपाला ही पट्टी कधीच लावायची नाही. मधुमेह असलेल्यांनी तर डब्याकडे बघूही नये.

बिब्बा, रुईचा चीक आणि काजूच्या टरफलाचं तेल, या तिघांशी आमची जुनी लढाई आहे. तिन्ही जाळतात. बिब्ब्याच्या आणि काजूच्या टरफलाच्या तेलाने नुसता चटका बसत नाही, काहींना आठ-दहा दिवसांनी पायभर खाज, पुरळ आणि पाण्याचे फोड उठतात. रुईचा चीक हाताला राहून डोळ्यात गेला तर डोळाच सुजतो. कुरूप जातं का? वरचा थर जळून जातो, महिनाभर बरं वाटतं. खाली दाब तसाच असतो.

गादी कुठे लावायची यात सगळ्यात जास्त चूक होते. दुखतं तिथे कापसाचा बोळा ठेवला तर दुखऱ्या जागेवरचा भार वाढतो. ५ मिलिमीटर जाडीच्या दाबलेल्या लोकरीच्या नमद्याचा किंवा मऊ फोमचा तुकडा घ्यायचा, कुरुपाच्या मापाची खाच त्यात कापायची आणि कुरूप खाचेत मोकळं राहील असा तो भोवती चिकटवायचा. खाच एका बाजूने उघडी ठेवायची. बंद गोल चकतीत भोवतालचं दबून मधलं कातडं वर फुगतं. चवड्याखालच्या घट्ट्याला तर गादी घट्ट्याच्या मागे, टाचेच्या बाजूला लावायची. तिने मधली हाडं उचलली जातात आणि पुढच्या टोकांवरचा भार कमी होतो. जागा शोधायला घट्ट्यावर लिपस्टिक किंवा ओलं कुंकू लावून चपलेत एकदा उभं राहायचं. ठसा उमटतो, त्याच्या लगेच मागे गादीची पुढची कडा. अर्धा सेंटिमीटर पुढे गेली तरी उपयोग उलटा. ओली झालेली गादी काढून टाकायची, वाळवून पुन्हा लावायची नाही.

चौथ्या आणि पाचव्या बोटांच्या बेचक्यातलं मऊ कुरूप हा पावसाळ्यातला फसवा प्रकार. पांढरं, भिजलेलं, वास येणारं. सगळे त्याला चिखल्या समजून महिनोन्‌महिने बुरशीचं मलम लावतात. चिखल्या बहुधा दोन्ही पायांना आणि एकाहून जास्त बेचक्यांत होतात, खाजतात. मऊ कुरूप एकाच जागी असतं, खाजण्यापेक्षा दुखतं, आणि बोटं फाकवून चाचपलं तर पांढऱ्या कातड्यात एक कडक टिकली लागते. शेजारच्या दोन बोटांची हाडं तिथे एकमेकांवर घासत असतात. घामाने ते कातडं कडक होत नाही, भिजून पांढरं होतं, एवढंच. इलाज म्हणजे बेचकं कोरडं ठेवणं, दोन बोटांमध्ये कोरडी गॉजची घडी किंवा सिलिकॉनचा तुकडा, आणि पुढून रुंद चप्पल. दोन्ही एकत्र असणंही शक्य आहे, तेव्हा शंका असेल तर डॉक्टरांना दाखवावं.

जुलैत लावणीला उतरायच्या आधीच्या आठवड्यात टाचा घासून गुळगुळीत करू नयेत, हे आम्ही दरवर्षी सांगतो. बायका नेमक्या तेव्हाच घासतात, चिखलात भेगा झोंबतात म्हणून. घासणं मे महिन्यात उरकावं आणि जूनपासून फक्त मलम. ताजं सोललेलं कातडं घेऊन चिखलात दिवसभर उभं राहणं म्हणजे लेप्टोस्पायरोसिसला, उंदरा-गुरांच्या मुतातून चिखलात येणाऱ्या आणि जखमेतून अंगात शिरणाऱ्या तापाला, दार उघडून देणं, आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीत हा आजार ऐकीव नाही. पायाला जखम असेल तर चिखलात उतरायचं नाही. उतरावंच लागणार असेल तर आधी आरोग्य केंद्रात विचारून प्रतिबंधक गोळ्या घ्याव्यात. शेतातून आल्यावर साबणाने पाय धुऊन बेचकी फडक्याने कोरडी करणं, यात दोन मिनिटं जातात.

गमबूट मापापेक्षा एक नंबर मोठे घ्यायची बंदरावर पद्धत आहे, पटकन काढता यावेत म्हणून. मोठ्या बुटात टाच वर-खाली होते आणि पाऊल पुढे-मागे घसरतं. त्यात वाळू. ओलसर कातडं कोरड्या कातड्यापेक्षा जास्त घासलं जातं, त्यात मिठाचे आणि वाळूचे कण म्हणजे आतून पॉलिश कागदच. बूट मापाचा, आत जाड मोजे, सोबत कोरड्या मोज्यांची दुसरी जोडी. जाळं ओढून झालं की बदलायची. रात्री बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवले तर सकाळपर्यंत बरीच ओल शोषली जाते.

नवी चप्पल संध्याकाळी घ्यावी, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. घरून निघताना कोऱ्या कागदावर उभं राहून दोन्ही पावलांची बाह्यरेषा दुसऱ्याकडून काढून घ्यायची, पेन्सिल सरळ उभी धरून. ती कापून दुकानात न्यायची आणि चपलेवर ठेवायची, बूट असेल तर आत सरकवायची. कागद कडेला दुमडला तर ती वस्तू कितीही आवडली तरी परत. दोन पावलं सारखी नसतात, मोठ्याच्या मापाने घ्यायची. सगळ्यात लांब बोटाच्या पुढे, आणि ते बऱ्याच जणांचं अंगठ्याशेजारचं असतं, साधारण एक सेंटिमीटर जागा हवी. टाच ४ सेंटिमीटरपेक्षा उंच नको. "वापरून सैल होईल" हे चामड्याच्या बाबतीत थोडं खरं, प्लॅस्टिकच्या बाबतीत अजिबात नाही. कोल्हापुरी घ्यायची तर पट्ट्यांना आतून एरंडेल लावून दोन दिवस ठेवायची, पहिल्या आठवड्यात घरातल्या घरात अर्धा-एक तासच घालायची, आणि मिरगाच्या आधी कपाटात.

आता मधुमेह असलेल्यांचं. त्यांच्या पायाला घट्टा येतो, पण दुखत नाही, आणि हाच धोका. दुखत नाही म्हणून माणूस त्यावरच चालत राहतो. घट्टा आतल्या मांसावर दाबत राहतो, आत रक्त साकळतं, वरून काही दिसत नाही आणि एक दिवस घट्ट्याखाली व्रण निघतो. बधिर पायात मोठी इजा व्हायची गरज नसते, रोजचा मध्यम दाबच पुन्हा पुन्हा पडून मांस मरतं, हे तमिळनाडूतल्या वेल्लोरला कुष्ठरुग्णांच्या पायांवर काम करताना डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं. कुष्ठरुग्णांसाठी वापरात आलेली मऊ मायक्रोसेल्युलर रबराची चप्पल, जिला सगळे एमसीआर म्हणतात, तीच आज मधुमेहींनाही दिली जाते. काळा, मऊ तळ, मागे पट्टा, वेल्क्रो. दिसायला साधी. लग्नाकार्याला घालायला लोक लाजतात आणि नेमके त्याच दिवशी आठ-दहा तास उभे असतात.

घरी एक तपासणी करता येते. माणसाला डोळे मिटून आडवं व्हायला सांगायचं. दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला एकेक करून आपल्या तर्जनीने हलकेच, एक-दोन सेकंद स्पर्श करायचा. दाबायचं नाही, टोचायचं नाही, एकदा चुकलं म्हणून पुन्हा करायचं नाही. स्पर्श झाला की त्याने डावा की उजवा ते सांगायचं. सहापैकी दोन किंवा जास्त जागा कळल्या नाहीत, तर पायाची जाणीव कमी झाली आहे असं धरून डॉक्टरांकडे जायचं. अशा माणसाने कोमट पाण्यातही पाय बुडवून बसायचं नाही, चटका कळत नाही. वजरी, ब्लेड, कॉर्न कॅप सगळं बंद. घट्टा दवाखान्यात, निर्जंतुक पात्याने, आडवं पातं धरून थर थर उतरवायचा असतो. घट्ट्याखाली तांबूस-काळा डाग दिसला, भोवती ऊब लागली, मोज्याला ओल किंवा डाग आला, तर त्याच दिवशी दाखवायचं. सोमवारची वाट बघायची नाही.

लहान मुलांचं थोडक्यात. मुलांना कुरूप क्वचितच होतं. पोराच्या तळव्यात टोचतंय, कडक दाणा आहे असं आईने सांगितलं, तर बहुतेक वेळा ती चामखीळ असते, तेव्हा आधी चिमटीची परीक्षा करायची. ती विषाणूने होते, बऱ्याच मुलांची एक-दोन वर्षांत आपोआपच जाते, त्यामुळे दुखत नसेल तर कापाकापी करू नये. दुखत असेल तर डॉक्टर सॅलिसिलिकचं पातळ औषध देतात, ते महिना-दोन महिने नेमाने लावावं लागतं. तोवर त्याचा टॉवेल आणि वजरी वेगळी, आणि विहिरीवर किंवा तलावात पोहायला जाताना त्या जागेवर पाण्यात न सुटणारी चिकटपट्टी.